उद्दिष्टांची वही आषाढात उघडली तेव्हा: सोलापुरातल्या एका छोट्या कलाउद्योगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात, घराला लागून असलेल्या एका खोलीत हा व्यवसाय चालतो. सोलापुरी चादरीचं जाड कापड घेऊन त्याच्या पिशव्या, स्लिंग बॅगा, जाकिटं आणि उशांचे अभ्रे शिवायचे, काहींवर हाताचं भरतकाम करायचं. मालकीणबाईंच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, म्हणून इथे त्यांना नुसतं ताई म्हणू. मी छोट्या उद्योगांचे हिशेब आणि दर-मांडणी बघतो. ज्या आढाव्याबद्दल हे प्रकरण आहे, त्याला मी त्यांच्यासोबत बसलो होतो.

ताईंचं शिक्षण चित्रकलेचं. सहा वर्षांपूर्वी एका शिलाई मशीनवर सुरुवात केली. आता कापणी-शिलाईला एक मास्तर आहेत, धागे कापायला आणि भरतकामाला दोन बायका येतात. सगळी मजुरी नगावर. चादरीचं कापड हाताळायला अवघड असतं: कापलं की कडेचे धागे सुटतात, म्हणून प्रत्येक तुकड्याला आधी ओव्हरलॉक आणि मग पायपिंग करावं लागतं. चार पदर एकत्र आले की बारीक सुई मोडते, त्यामुळे मास्तर अठरा नंबरची सुई लावतात आणि कोपऱ्यावर पायडल सोडून चाक हाताने फिरवतात. असा मास्तर सहज मिळत नाही.

विक्री तीन वाटांनी होते. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांतले स्टॉल, व्हॉट्सॲपवर थेट येणाऱ्या ऑर्डरी, आणि कंपन्या-संस्थांना भेटवस्तू म्हणून एकगठ्ठा माल.

दर दिवाळी पाडव्याला वहीपूजन झालं की ताई नव्या वहीच्या पहिल्या पानावर वर्षाची उद्दिष्टं लिहितात. २०२३च्या पाडव्याला चार ओळी लिहिल्या होत्या: उलाढाल बारा लाख, स्वतःची दोन नवी डिझाइन्स विणून घ्यायची, उधारी साचू द्यायची नाही, रविवार सुट्टीचा.

अडचण समोर कशी आली

खरं तर ही वही पुढच्या पाडव्यापर्यंत कुणी उघडली नसती. २०२४च्या आषाढी एकादशीच्या आठवड्यात दोन गोष्टी एकदमच आल्या.

पहिली, मास्तर म्हणाले, "ताई, गणपती झाले की मी जातो. गणवेशाच्या कारखान्यात महिन्याला चौदा हजार ठरलेत." ताईंकडे त्यांना सरासरी अकरा हजार पडत होते, पण कुठल्या महिन्यात अठरा तर कुठल्या महिन्यात सहा. त्यांच्या मुलाची कॉलेजची फी होती. ते रागावलेले नव्हते, त्यांनी दोन महिने आधी सांगितलं.

दुसरी गोष्ट पुण्याच्या एका कंपनीची. मार्चमध्ये महिला दिनासाठी याच कंपनीला सहाशे पिशव्या दिल्या होत्या, बिल २ लाख ५२ हजारांचं, कर वेगळा. जुलै उजाडला तरी पैसे आले नव्हते. आणि आता त्याच कंपनीचा फोन: दिवाळीसाठी हजार पिशव्या हव्यात, पंधरा दिवसांत होकार कळवा.

ताईंचा पहिला विचार सरळ होता. आठ महिन्यांत ७ लाख ९० हजारांची विक्री झाली होती. बारा लाखांच्या हिशेबाने या घटकेला आठ लाख हवेत, म्हणजे गाडी वेळेवर होती. हजार पिशव्यांची ऑर्डर घेतली की बारा लाखांचं उद्दिष्ट पार. मग हातात पैसे का नाहीत, मे महिन्यात बांगड्या तारण ठेवून साठ हजार का उचलावे लागले, याचं उत्तर मात्र वहीत नव्हतं. म्हणून त्यांनी मला बोलावलं.

आकडे वाटांनुसार मांडले

आम्ही एकूण उलाढाल बाजूला ठेवली आणि तिन्ही वाटांचा खर्च वेगळा काढला. कापड, अस्तर, चेन, छपाई, मजुरी, स्टॉलचं भाडं, प्रवास, कुरिअर. त्याच्या शेजारी ताईंचे स्वतःचे तास लिहिले. हा रकाना त्यांनी आजवर कधी भरला नव्हता. घरच्या माणसाचा वेळ फुकटचा, असं आपल्याकडे धरूनच चालतात.

एकगठ्ठा ऑर्डरींची विक्री ३ लाख ६० हजार, खर्च जाऊन उरले ७० हजार, आणि त्यासाठी ताईंचे सुमारे ४२० तास. लोगोची छपाई करून आणणं, प्रत्येक पिशवी तपासणं, रात्री पॅकिंग, आणि नंतर पैशांसाठी फोन. तासाला साधारण १६७ रुपये पडले.

प्रदर्शनांची विक्री २ लाख ६० हजार, उरले ६० हजार, तास तीनशे. तासाला दोनशे.

थेट ऑर्डरींची विक्री सगळ्यांत कमी, १ लाख ७० हजार. पण उरले ८० हजार, आणि तास अडीचशे. तासाला ३२० रुपये.

तास आठवून लिहिलेले होते, त्यामुळे त्यात चूक असणार हे धरूनच चाललो. थेट ऑर्डरींचे तास वीस टक्क्यांनी वाढवले आणि बाकी दोन्हींचे तेवढेच कमी केले, तरी थेट ऑर्डरच वर राहते. प्रदर्शन आणि एकगठ्ठा माल यांच्यातलं अंतर तेवढं ठामपणे सांगता येत नाही.

मग रोखीचा प्रश्न. तिन्ही वाटा मिळून कागदावर उरले होते २ लाख १० हजार. एका कंपनीकडे अडकले होते २ लाख ५२ हजार. म्हणजे ताईंच्या हातात उणे बेचाळीस हजार होते. शिवाय मार्चमध्ये बिल फाडल्यामुळे त्यावरचा जीएसटी एप्रिलमध्ये स्वतःच्या पैशातून भरावा लागला होता. पैसे आले की नाही हे जीएसटी बघत नाही, बिल झालं की कर देय होतो. बांगड्या कुठे गेल्या ते या दोन ओळींनी सांगितलं.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते यापुढचं. थेट ऑर्डरींची यादी ताईंनी फोनमधून काढली आणि आम्ही नाव धरून वाचत गेलो. पुन्हा पुन्हा मागवणारे बहुतेक लोक एकाच नमुन्याचं मागत होते: तीन वर्षांपूर्वी ताईंनी स्वतः ग्राफवर काढून विणून घेतलेली एक नक्षी. तयार चादरीतून कापलेला माल कुणीही देऊ शकतं, त्यामुळे गिऱ्हाईक दरात घासाघीस करतं. या नक्षीसाठी कुणी घासाघीस केली नव्हती. आणि वहीतली दुसरी ओळ, "दोन नवी डिझाइन्स", तिथे आठ महिन्यांत काहीच झालं नव्हतं. सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या नंदीध्वजांवरून एक रेखाटन सुरू केलं होतं, उंच काठी आणि वर बाशिंग. महिला दिनाची ऑर्डर आली आणि तो कागद कपाटात गेला.

चार ओळींपैकी फक्त पहिलीला रुपयांचा आकडा होता, आणि तिने उरलेल्या तिघींना खाल्लं. ज्या कामातून तासाला सर्वांत जास्त मिळत होतं त्याचं मूळ दुसऱ्या ओळीत होतं. ती ओळ उपाशी ठेवून पहिली फुगवली जात होती. ताई बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बारा लाख मी कुणासाठी लिहिले होते?" त्या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर टेकलेले होते. उत्तर असं निघालं की एका ओळखीच्या उद्योजिकेने दहा लाख गाठले होते, त्यावरून तो आकडा आला होता. त्यामागे घरखर्चाचा किंवा मास्तरांच्या पगाराचा हिशेब नव्हता.

समोरचे पर्याय

हजार पिशव्या जशाच्या तशा घ्यायच्या, हा पहिला. उलाढाल गाठली जाईल. पण कापड, छपाई आणि मजुरीसाठी आधी तीन लाखांच्या आसपास घालावे लागतील, ते पुन्हा तारण किंवा मुद्रा कर्ज काढून. मास्तर गेले तर शिवणार कोण, हा प्रश्न वेगळाच. ताईंच्या घरच्यांचा या पर्यायाकडे ओढा होता, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: मोठं गिऱ्हाईक एकदा सुटलं की परत येत नाही.

दुसरा, एकगठ्ठा काम पूर्ण बंद. ताईंना त्या दिवशी हाच पटला होता. मी विरोध केला. पावसाळ्यात थेट ऑर्डरी आटतात, तेव्हा दोन्ही बायकांच्या हाताला काम देणारी ही एकच वाट आहे.

तिसरा, एकगठ्ठा काम घ्यायचं पण अटींवर: निम्मी आगाऊ रक्कम, उरलेली माल पोचल्यावर ठरलेल्या मुदतीत, आणि जुनं बिल चुकतं झाल्याशिवाय नवा माल नाही.

प्रदर्शनं बंद करण्याचाही विचार झाला, कारण तासांमागे ती फार देत नव्हती. इथे ताईंनीच थांबवलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी विचारून पाहिलं, तर बहुतेकांनी पहिली वस्तू स्टॉलवरच घेतलेली निघाली. प्रदर्शन नुसतं विक्रीचं ठिकाण म्हणून मोजलं तर महाग पडतं, पण थेट ऑर्डरींचा झरा तिथूनच येतो. तेव्हा चार स्टॉलऐवजी दोन करायचे, आणि दोन्हीकडे येणाऱ्याचा नंबर लिहून घ्यायची वही ठेवायची, असं ठरलं.

काय केलं

सर्वांत आधी मास्तर. कंपनीला उत्तर द्यायच्या आधी त्यांच्याशी बोलायचं, हा क्रम ताईंनी ठरवला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तोच. त्यांनी मास्तरांना आकड्यांचा कागद दाखवला. महिना साडेबारा हजार पक्के, ठरलेल्या नगांच्या वर जे होईल त्याची वेगळी मजुरी, रविवार बंद. कारखान्याच्या पगारापेक्षा हे दीड हजारांनी कमी होतं. मास्तरांनी दोन दिवस मागितले आणि मग राहतो म्हणाले. "तिथं दिवसभर एकच बाही लावायची," एवढंच कारण दिलं.

त्यानंतर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती मोफत असते, आधार आणि पॅनवर होते, तरी इतकी वर्षं राहून गेली होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही एक तरतूद आली आहे: ही मुदत चुकवली तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. म्हणून मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस आता उद्यम नंबर मागतात. ताईंच्या मार्चच्या बिलाला मात्र या कायद्याचा आधार मिळणार नव्हता, कारण माल नोंदणीच्या आधी गेला होता. तिथे विनंती आणि पाठपुरावा एवढंच हातात होतं.

कंपनीला पत्र गेलं. खरेदी विभाग म्हणाला, आगाऊ रक्कम देण्याची आमची पद्धत नाही. ताईंनी दोन वेळा बोलून पाहिलं आणि हजार पिशव्यांना नकार कळवला. तो फोन ठेवल्यावर त्यांचा हात थरथरत होता. जुन्या बिलाचे निम्मे पैसे ऑगस्टमध्ये आले, उरलेले ऑक्टोबर संपताना. त्याआधी सोलापुरातल्याच एका संस्थेची दोनशे फोल्डरांची ऑर्डर निम्म्या आगाऊ रकमेवर मिळाली, आणि पावसाळ्यातलं बायकांचं काम त्यावर निघालं.

आणि मग नंदीध्वजाचा कागद कपाटातून बाहेर आला. ज्यांच्या मागावर हे विणून घ्यायचं होतं ते कारखानदार अण्णा म्हणाले, साठ नगांखाली माग लावणं परवडत नाही, आणि कार्डांचा खर्च तुमचा. जकार्डमध्ये, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागात, नक्षी ग्राफवर चौकोन भरून काढतात आणि त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच होतात. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्यासाठी कोणते ताणे, म्हणजे उभे धागे, उचलायचे ते त्यातलं एकेक कार्ड ठरवतं. रंग वाढले की कार्डं वाढतात, म्हणून ताईंनी पाच रंगांवरून दोनवर आणलं. पहिला नमुना विणून आला तेव्हा बाशिंग चपटं दिसत होतं. ग्राफवरचा चौकोन कापडावर चौकोन राहत नाही. ताण्याचे आणि बाण्याचे धागे इंचाला सारखे नसले की आकृती ओढली जाते किंवा दबते. "अण्णा, बाशिंग बसलंय खाली," असं ताई म्हणाल्या तर अण्णांनी कापड उलटं धरून धागे मोजले आणि सांगितलं, उभ्यात दर चार घरांना एक घर वाढवा. ताईंनी सगळा ग्राफ पुन्हा काढला. मुळात आठवडाभराचं धरलेलं काम दोन महिने चाललं आणि दिवाळी हुकली.

निष्पत्ती

२०२४च्या पाडव्याला वही मांडली तेव्हा उलाढाल साडेदहा लाख होती. उद्दिष्ट दीड लाखांनी हुकलं. सगळा खर्च जाऊन उरले होते सुमारे ३ लाख १० हजार, आणि या वेळी ते खरोखर खात्यात होते. बाहेर अडकलेली येणी वीस हजारांच्या आत होती. बांगड्या पाडव्याच्या आधी सुटल्या.

नव्या नक्षीचा माल जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत तयार झाला. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण यात्रेला पुण्या-मुंबईहून घरी आलेल्या सोलापूरकरांनी घरी येऊन पिशव्या नेल्या. साठातल्या चाळीसहून अधिक फेब्रुवारीपर्यंत गेल्या, जुन्या नक्षीपेक्षा चढ्या दराने. सोलापूरबाहेरच्या गिऱ्हाइकांना मात्र ती नक्षी फारशी कळली नाही. प्रदर्शनात तिच्याजवळ उभं राहून सांगावं लागतं.

सगळंच जमलं असं नाही. भरतकामाच्या दोन बायकांपैकी एक सप्टेंबरमध्ये सोडून गेली. मास्तरांना महिना बांधून मिळाला, आम्हाला का नाही, हा तिचा प्रश्न रास्त होता आणि त्याला ताईंकडे पैसे नव्हते. दुसरं डिझाइन झालंच नाही. रविवार मास्तरांना मिळाला, ताईंना दिवाळीआधी एकही मिळाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आगाऊ रकमेची अट मार्चच्या ऑर्डरलाच घालायला हवी होती. तेव्हा कंपनीला घाई होती आणि महिला दिनाची तारीख पुढे सरकत नाही. जुलैमध्ये तीच अट घालताना ताईंचे पैसे अडकलेले होते, त्यामुळे बोलण्यात जोर राहिला नाही. उद्यम नोंदणी आधी असती तर मार्चच्या बिलालाही कायद्याचा आधार मिळाला असता, आणि कदाचित दिवाळीचं काम घेताही आलं असतं. हजार पिशव्या वाईट नव्हत्या, त्यांच्या अटी वाईट होत्या.

भरतकामाच्या बायकांनाही आढाव्यात बसवायला हवं होतं. मास्तरांना कागद दाखवला, त्यांना दाखवला नाही. पगार वाढवता आला नसता तरी पावसाळ्यात किती काम मिळेल याची हमी देता आली असती. पुढच्या वर्षी ती दिली, आणि नवी आलेली बाई टिकून आहे.

आढाव्याच्या वेळेवर आमचं सर्वांत जास्त बोलणं झालं. पाडव्याला माणूस दिवाळीच्या कामाने दमलेला असतो आणि वर्ष संपून गेलेलं असतं. जे चुकलं ते वाचण्यापलीकडे काही करता येत नाही. ३१ मार्चला कर सल्लागाराची घाई असते. आषाढात चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात, ऑर्डरी कमी असतात, आणि दिवाळीचं कापड अजून उचललेलं नसतं. मास्तर आणि कंपनी त्याच आठवड्यात आले, म्हणून २०२४मध्ये ही वेळ योगायोगाने साधली. पैसे मेमध्येच संपले होते, तेव्हाच वही उघडली असती तर नक्षीला दोन महिने जास्त मिळाले असते आणि ती दिवाळीत विकली गेली असती.

ताईंनी आता पाडव्याला उद्दिष्टं लिहायचं बंद केलं आहे. पाडव्याला जुनं पान वाचतात, पूजा करतात आणि वही मिटतात. नवं पान आषाढी एकादशीनंतरच्या रविवारी मास्तर आणि दोन्ही बायकांना बसवून लिहितात. त्यावर उलाढालीचा आकडा सर्वांत शेवटी येतो. पहिल्या ओळीत त्या वर्षी विणायच्या नक्षीचं नाव, अण्णांच्या मागाची तारीख आणि कार्डांसाठी बाजूला काढलेली रक्कम असते.